दादाचं पाणी पिणं

अभिनयाच्या प्राथमिक वर्गात आम्ही अकरा जण होतो. बारा आठवड्यांचा वर्ग, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. जागा म्हणजे एका शाळेचा चित्रकलेचा हॉल. बाकं भिंतीला सरकवलेली, फरशीवर रंगांचे जुने डाग, आणि ब्रश धुऊन धुऊन निळं पडलेलं एक बेसिन. मी इस्पितळात नर्स आहे. तेव्हा मला कायमची सकाळपाळी मिळाली होती आणि संध्याकाळ खायला उठायची, म्हणून नाव घातलं. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तसंच. नट व्हायला कुणी आलं नव्हतं. किंवा सगळे त्यासाठीच आले होते, पण बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

सरांनी पहिल्या दिवशी नावं विचारलीच नाहीत. काम काय करता ते विचारलं आणि त्यावरूनच एकेकाचं बारसं केलं. मी सिस्टर झाले. एक मुलगी बँक झाली, एक बाई शिकवणी. कोपऱ्यात एक चोपन्न वर्षांचा माणूस बसला होता. तो दातांच्या कवळ्या बनवतो, असं त्याने इतक्या हळू सांगितलं की सरांना दोनदा विचारावं लागलं.

"कवळी," सर म्हणाले. आम्ही हसलो. तोही हसला, तोंडावर हात धरून.

घरी आणि कामावर त्याला सगळे धाकटा म्हणायचे. समोर मी त्याला अहोजाहो करायचे, पण त्याच्याविषयी सांगायचं तर धाकटा हेच नाव तोंडात येतं.

सर शिकवायला चांगले होते, हे आधी सांगून टाकते. पहिला धडा उभं राहण्याचा, दुसरा बसण्याचा. एकेकाने पुढे यायचं, खुर्चीवर बसायचं आणि दोन मिनिटं काहीही करायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. मी अर्ध्या मिनिटात पदर सारखा केला, बँकेने केस मागे घेतले. धाकटा बसला तो पँटवर तळवे पुसत राहिला, त्याच्या हातांना सतत साच्यांचं प्लास्टर लागलेलं असल्यासारखा. सरांनी त्याला दोनाऐवजी पाच मिनिटं बसवलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "नीट बघा. या दोघांत खुर्ची जास्त जिवंत आहे."

पुढच्या आठवड्यात श्वास आणि आवाज. पोटातून आवाज काढायचा, मागच्या भिंतीला लावायचा. धाकट्याचा आवाज तिसऱ्या बाकापाशीच बसकण मारायचा. सरांनी त्याला हॉलच्या टोकाला उभं करून एकच वाक्य वीस वेळा म्हणायला लावलं आणि स्वतः वर्तमानपत्र वाचत बसले. विसाव्या वेळेनंतर त्यांनी वर नजर करून विचारलं, सुरुवात केलीत का. सर दर तासाला कुणा एकाला असं धरायचे. जिना चढताना आम्ही एकमेकांना विचारायचो, आज कुणाचा दात काढणार. बहुतेक वेळा धाकट्याचाच निघायचा, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते सोयीचं होतं.

वर्ग सुटला की तो आणि मी एकाच वाटेने जायचो. तो दोन चौक आधी वळायचा. या वाटेवर त्याने मला स्वतःविषयी सांगितलं. फार नाही, रोज थोडं थोडं. उरलेलं पुढे त्याच्या वहिनीकडून कळलं.

तो चार वर्षांचा असताना वडील गेले. दादा तेव्हा अठराचा. दादाने शिक्षण सोडलं, एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला लागला, तिथे साचे ओतायला शिकला आणि पुढे स्वतःची लॅब काढली. धाकट्याला त्यानेच वाढवलं, म्हणजे खाऊ घातलं, शिकवलं आणि मारलं. दादाच्या तोंडात एकच शब्द असायचा, नाही. खेळायला जाऊ का, नाही. सहलीला जाऊ का, नाही. वहिनी म्हणायच्या की लग्नाच्या दिवशी यांनी कुठल्या तरी प्रश्नाला हो म्हटलं असणारच, पण मी ऐकलेलं नाही.

धाकट्याला लहानपणी नकला यायच्या. अकरा वर्षांचा असताना तो पोरांसमोर दादाच्या डॉक्टरची नक्कल करत होता. डॉक्टर बोलताना दर चार शब्दांनी नाक ओढायचा. दादाने मागून पाहिलं. मनगट धरून त्याला तडक दवाखान्यात नेलं, बाहेर बसलेल्या पेशंटांसमोर उभं केलं, डॉक्टरला बोलावलं आणि म्हणाला, कर. धाकट्याने केली. दादा म्हणाला, पुन्हा. तिसऱ्या वेळेला पोराची चड्डी ओली झाली. डॉक्टर बिचारा हसून म्हणत होता की जाऊ दे, पोर आहे. दादाने त्याला तशाच चड्डीत चालवत घरी आणलं. त्यानंतर धाकट्याने कुणाची नक्कल केली नाही.

सोळाव्या वर्षी दादाने त्याला लॅबमधल्या खिडकीपाशी बसवलं. तेव्हापासून अडतीस वर्षं तो तिथेच. साचा ओतायचा, मेणात दात बसवायचे, घासायचे, चकाकी आणायची. काम सुरेख. त्याची कवळी टाळूला अशी बसायची की लोक रात्री काढून ठेवायचं विसरत. तिशीत एक स्थळ आलं होतं. मुलीकडचे लॅब बघायला आले, चहा झाला, आणि दादाने त्यांना सरळ सांगितलं की हा हाताने हुशार आहे, पण याच्याच्याने एकट्याने संसार ओढणं व्हायचं नाही, तुम्ही विचार करा. त्यांनी केला. धाकटा तिथेच बसला होता, एका दाढेला धार लावत.

वर्ग सुरू व्हायच्या चार महिने आधी दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. राहिला तो एकच शब्द, बरं. असं होतं पुष्कळदा, मी वॉर्डात पाहिलेलं आहे. सगळी भाषा पुसली जाते आणि एखादाच शब्द मागे राहतो, तो कुठला हे आपल्या हातात नसतं. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, नको असलं तरी बरं. आयुष्यभर नाही म्हणत आलेल्या माणसाच्या वाट्याला नेमका तो शब्द आला.

वहिनींना दादाला उचलणं जमायचं नाही. अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं धाकटा करायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, भाऊ असावा तर असा. आणि दादा पडल्यावर एक गोष्ट झाली, ती धाकट्याने मला अगदी सहज सांगितली. एका संध्याकाळी तो चपला घालून दारात उभा राहिला आणि कुठे चाललास असं कुणीच विचारलं नाही. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा. तो चालत सुटला. शाळेच्या फाटकावर वर्गाचा कागद चिकटवलेला दिसला, तसा आत गेला आणि नाव घालून आला.

चौथ्या आठवड्यात आरशाचा धडा आला. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने आरशासारखी ती करायची. माझ्या वाट्याला कुणालाच नको असलेला धाकटा आला. मी हात वर नेला. त्याचाही गेला. मी मान कलती केली, त्याचीही झाली, पण मागून नाही, माझ्याबरोबर. मी श्वास रोखला तर त्याचा थांबला. माझ्या डाव्या डोळ्याची पापणी दमले की फडफडते, ते मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मी घाबरून हात खाली टाकले. सरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं होतं.

त्या दिवशी ते त्याला काही बोलले नाहीत. पुढच्या तासाला सगळ्यांनी एकेक माणूस आणायचा होता. घरातला, कामावरचा, रस्त्यावरचा, कुणीही, पण खरा. "अभिनय म्हणजे करणं नंतर," सर म्हणाले, "आधी बघणं. तुम्ही लोक बघतच नाही. आठवता, आणि आठवलेलं गोड करून आणता. गोड केलेलं मला नको."

बँकेने आपली आजी आणली. शिकवणीने एक पोलीस आणला, तो बराचसा शिकवणीसारखाच होता. मग धाकटा खुर्चीवर बसला. दोन क्षण काहीच झालं नाही. मग त्याची उजवी बाजू विझली. दुसरा शब्द नाही मला सुचत. गाल उतरला, खांदा उतरला, हात मांडीवर परक्याच्या वस्तूसारखा पडला. डाव्या हाताने त्याने नसलेला पेला उचलला, ओठांना लावला, आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. पाणी नव्हतंच तिथे, पण आम्ही ते गळताना पाहिलं. त्याने तोंड पुसलं ते डाव्या बाजूचं, कोरडं. मग खालची कवळी जिभेवर उचलून परत बसल्याचा टक असा आवाज आला, आणि तो समाधानाने म्हणाला, "बरं."

आम्ही हसलो. नुसतं हसलो नाही, बाकांवर आडवे झालो. शिकवणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी नर्स आहे, अशी माणसं रोज पुसते, भरवते, आणि सगळ्यांत जास्त मी हसले. वॉर्डात हसता येत नाही, ते सगळं त्या दिवशी बाहेर आलं असेल. ही सफाई म्हणून सांगत नाही.

सर खुर्चीवरून उठले. चार आठवड्यांत प्रथमच. धाकट्याजवळ जाऊन त्यांनी विचारलं, हे कोण. भाऊ, तो म्हणाला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्हाला सांगितलं, "इतके दिवस मी खुर्चीकडे बघत होतो. नट यांच्यात होता."

परतीच्या वाटेवर धाकटा त्याच्या वळणावर वळायचं विसरला. माझ्या दारापर्यंत बोलत आला.

तिथून पुढे सर प्रत्येक तासाला त्याचा दादा मागायचे. बारा आठवडे संपले की पालक, मित्र, ओळखीचे यांच्यासमोर एक छोटा कार्यक्रम व्हायचा, त्यात दादाचं पाणी पिणं शेवटी ठेवायचं त्यांनी ठरवलं. पडद्याआडून कुणी तरी प्रश्न विचारणार आणि दादा उत्तर देणार, अशी रचना केली. प्रश्न बँक विचारणार होती. पण अजून माल कमी पडतोय, सर म्हणायचे. चार मिनिटं भरली पाहिजेत. घरी जा आणि बघा. तो चिडतो कसा? रडतो कसा? मिळत नसलं तर काय करतो? कल्पना करू नका, बघून या.

तर तो बघायला लागला. एक वही केली. सुरुवातीला जे आपसूक घडेल तेवढंच. मग थोडी मदत करायला लागला. पेला दादाच्या चांगल्या हाताशी न ठेवता गेलेल्या हाताशी ठेवायचा आणि दारात उभं राहून बघायचा, दादा कसा वळतो, कुठे थांबतो, डाव्या हाताने उजवा हात उचलून बाजूला कसा ठेवतो. चष्मा उशीखाली सारायचा. रेडिओ मधेच बंद करून बाहेर जायचा. वहिनी म्हणायच्या, भाऊजी, चष्मा त्यांच्या हाताशी ठेवत जा, किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, राहिलं. एकदा त्याने दादाला पाच मिनिटं त्याचं स्वतःचं नाव विचारलं. दादा प्रत्येक वेळी बरं म्हणाला, आणि पाचव्या मिनिटाला डाव्या हाताने स्वतःच्याच तोंडावर मारलं. ते धाकट्याने दुसऱ्या दिवशी वर्गात करून दाखवलं. सर म्हणाले, हे घ्या, हे सोनं आहे.

हे सगळं तो मला सांगायचा. लपवत नव्हता. मीही त्याला मदत केली. गाल कुठून उतरतो, कपाळ का उतरत नाही, जीभ कुठल्या बाजूला वळते, सगळं मी त्याला नीट समजावून दिलं. एकदा तर जिन्यात उभं राहून त्याच्या जबड्याला हात लावून दाखवलं.

नवव्या आठवड्यात अडचण आली ती आवाजाची. कवळीचा टक असा आवाज सरांना प्रत्येक घोटाला हवा होता, आणि धाकट्याला तो नक्की कसा येतो ते सापडेना. कारण दादाच्या तोंडातली कवळी त्याने स्वतः केलेली, ती हलायचीच नाही. दिवसातून एकदा कधी तरी वाजायची. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून त्याने मला सांगितलं की रविवारी दादाची खालची कवळी धुवायला म्हणून लॅबमध्ये नेली आणि आतून घासली. अर्धा मिलिमीटरही नाही, फिरत्या दगडाचा नुसता हात फिरवला. आता ती जिभेवर उचलते. आता प्रत्येक घोटाला वाजते. सांगताना त्याचा चेहरा एखादं किचकट काम जमलेल्या कारागिराचा होता.

सैल कवळीने हिरडी सोलवटते. आठवड्यात फोड येतात, आणि ज्याला सांगता येत नाही त्याचं जेवण सुटतं. हे मला नर्स म्हणून माहीत होतं, त्याला कवळीवाला म्हणून माझ्याहून जास्त माहीत होतं. मी त्याला काय विचारलं ते सांगते. मी विचारलं, "तो आवाज मागच्या रांगेपर्यंत जाईल का?"

तो म्हणाला की जाईल, आणि कार्यक्रम झाला की कवळी परत नीट करून देईन.

दादाचं जेवण कमी झालं. वहिनी सगळं मिक्सरमधून काढायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता, शाळेच्या सभागृहात. साठेक माणसं येतील असा अंदाज होता, ऐंशी आली. धाकट्याने घरी काही सांगितलेलं नव्हतं. पण वर्गाचे कागद सरांनी आजूबाजूच्या दुकानांत आणि दवाखान्यांत वाटले होते, त्यावर आमचे फोटो होते. लॅबमध्ये कवळ्या करायला देणाऱ्या एका डॉक्टरने तो कागद वहिनींना दाखवला आणि अभिनंदन केलं. वहिनींना आनंद झाला. दादा चार महिन्यांत, आता सात म्हणायला हवं, घराबाहेर पडला नव्हता. भाऊ स्टेजवर उभा राहणार, हे बघून त्याला बरं वाटेल असं त्यांना वाटलं. भाऊजींना चकित करायचं म्हणून त्यांनीही घरात काही सांगितलं नाही. धाकटा सकाळी लवकर निघाला. मागाहून त्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने दादाला कपडे घातले, चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि टॅक्सीने घेऊन आल्या.

माझा प्रवेश दुसरा होता, तो उरकून मी मागच्या दारापाशी उभी होते. खुर्ची आत आली. त्या माणसाला मी आधी कधीही पाहिलं नव्हतं, तरी दारातच ओळखलं. गाल, खांदा, मांडीवरचा हात, सगळं माझ्या पाठ होतं. पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? की नक्कल फार चांगली होती.

मग माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी बाजूच्या बोळातून धावत मागे गेले. धाकटा पडद्याच्या कडेला उभा होता, सरही तिथेच. मी सांगितलं. धाकट्याने पडदा बोटभर सारून बघितलं. खुर्ची मधल्या वाटेत, सहाव्या रांगेशी लावली होती. वहिनी दादाची कॉलर सारखी करत होत्या. धाकट्याने पडदा सोडला आणि पँटवर तळवे पुसले.

सरांनी त्याच्यावर जबरदस्ती केली असं पुढे काही जण म्हणाले. ते खोटं आहे, मी तिथे होते. सर शांतपणे म्हणाले, "नको असेल तर नका करू. मी बँकेला तिची आजी करायला सांगतो. तुम्ही ठरवा."

धाकटा म्हणाला, "माझं शेवटी आहे ना? शेवटीच ठेवा."

पडदा उघडला तेव्हा तो खुर्चीवर बसलेला होता. एक टेबल, त्यावर पाण्याने भरलेला पेला, उजव्या हाताशी. उजवी बाजू विझली आणि पहिल्या रांगेतून हसू फुटलं. मी पडद्याच्या कडेतून सहाव्या रांगेकडे बघत होते. वहिनी आधी हसल्या. टाळ्या वाजवायला हात वर नेले होते त्यांनी, ते तसेच राहिले. दादा पुढे वाकून बघत होता. झटक्याने शब्द जातात, समज जातेच असं नाही, हे लोकांना सांगून सांगून आम्हा नर्सेसच्या तोंडाला फेस येतो. त्याला सगळं कळत होतं. पेल्यासाठी वळणं कळलं, तोंडाची कोरडी बाजू पुसणं कळलं, स्वतःच्या तोंडावर मारणं कळलं. कवळीचा टक असा आवाज झाला, मागच्या रांगेपर्यंत गेला. दादाने डावा हात उचलून स्वतःच्या जबड्याला लावला.

पडद्याआडून बँकेने विचारलं, "पाणी गार आहे का?"

"बरं," धाकटा म्हणाला. हशा.

"पोट भरलं का?"

"बरं." आणखी मोठा हशा.

"अजून देऊ का?"

धाकट्याने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी मधल्या वाटेतून आवाज आला. मोठा, फाटलेला. "बरं." पुन्हा, "बरं. बरं."

लोकांना वाटलं की हा नाटकाचाच भाग आहे. छप्पर उडेल इतका हशा झाला. खुर्चीच्या आसपासची दहाबारा माणसं गप्प झाली, पण बाकीच्यांना तिकडचं दिसत नव्हतं. हशा आला की तो उतरेपर्यंत थांबायचं, त्यावर बोलायचं नाही, हे सरांनी सातव्या आठवड्यात शिकवलं होतं. धाकटा थांबला. सहाव्या रांगेकडे सरळ बघत थांबला. हशा उतरला, आणि मग त्याने तोच आवाज काढला, तीच फाट, तीच उंची, तेवढ्याच वेळा. लोक उभे राहिले. माझ्या शेजारी सर रडत होते. इतकी वर्षं शिकवतोय, ते म्हणाले, असं कुणी केलं नाही.

टाळ्या संपल्या तोवर वहिनींनी खुर्ची बाहेर नेली होती. धाकटा मागच्या दाराने गेला, मी त्याच्या मागोमाग. वहिनी व्हरांड्यात टॅक्सीची वाट बघत होत्या. दादाची मान खाली होती. धाकटा दोन पावलांवर थांबला. वहिनींनी त्याच्याकडे नीट बघितलं. आवाज चढवला नाही.

"छान केलंत भाऊजी," त्या म्हणाल्या. "एक राहिलं. पाणी पिताना अलीकडे त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. मला कारण कळत नव्हतं. मघाशी तुमचा तो आवाज ऐकला तेव्हा कळलं."

त्यांनी दादाच्या तोंडात बोट घालून खालची कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. टॅक्सी आली. धाकटा दादाला उचलायला पुढे झाला, कारण उचलायचं काम त्याचंच होतं. दादाने डाव्या हाताने खुर्चीची दांडी धरली आणि सोडली नाही. शेवटी टॅक्सीवाल्याने आणि मी उचललं.

त्या दिवसापासून दादाने धाकट्याच्या हातचा घास घेतला नाही. चमचा पुढे आला की ओठ आवळायचा, अर्धे आवळले जायचे, अर्धे नाही, तरी सगळं सूप हनुवटीवरून खाली यायचं. अंघोळीला हात लावला की बरं बरं म्हणून ओरडायचा. मी अधूनमधून भरवायला जायचे, वहिनींशी बोलणं झालं ते तेव्हाच. दहा दिवसांनी वहिनी त्याला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या. कवळी त्यांनी दुसऱ्या एका लॅबमधून करून घेतली.

सरांनी पुढच्या वर्गाची यादी लावली. पहिल्या वर्गातून पाच जण घ्यायचे होते. मी होते, बँक होती. धाकटा नव्हता. त्याला वाटलं, नजरचुकीने राहिलं. सरांना विचारायला गेला तेव्हा मी शेजारी उभी होते. सरांनी त्याला आणखी एक माणूस करून दाखवायला सांगितलं, कुणीही. त्याने वहिनींचा प्रयत्न केला, नाही जमलं. मला करायला गेला, तेही नाही. आरशासारखं पुढ्यात असलेलं त्याला करता यायचं, पण उचलून न्यायला, दुसरीकडे जाऊन करायला, त्याने आयुष्यात एकाच माणसाला तेवढं पाहिलं होतं. सर म्हणाले, "तुमच्याकडे एकच होता. तो वापरून झाला." मग नव्या वर्गाचे अर्ज चाळायला लागले. मी पुढच्या वर्गाला गेले. दोन महिने केला आणि सोडला. कारण विचाराल तर पाळी बदलली.

धाकटा दर रविवारी वहिनींच्या बहिणीकडे जायचा. वहिनी दार उघडायच्या, त्याला बाहेरच्या खोलीत बसवायच्या, चहा द्यायच्या. लॅबचं कसं चाललंय ते विचारायच्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. त्याने कधी आत जाऊ का म्हणून विचारलं नाही आणि त्यांनी कधी जा म्हटलं नाही. चहा संपला की तो उठायचा. असं पंधरा महिने चाललं. सोळाव्या महिन्यात एका रविवारी तो गेला तेव्हा आतलं दार उघडं होतं आणि पलंगावर गादी नव्हती. दादा गुरुवारी गेला होता. सगळं शुक्रवारी उरकलं होतं. वहिनींनी त्याही दिवशी त्याला चहा दिला.

हे मला दोन वर्षांनी कळलं, माझ्या आईची कवळी करायला टाकली तेव्हा. मोजमापाचे साचे घेऊन मी लॅबवर गेले. तो खिडकीपाशी बसला होता, केस पांढरे झालेले, हात तसेच चपळ. त्याने मला स्टूल दिलं आणि हातातलं काम न थांबवता सगळं सांगितलं, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं. वाईट वाटतं का, असं काहीतरी मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "शेवटी कसा दिसत होता, ते मला बघायला मिळालं नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. हे भावाने म्हटलं की आणखी कुणी, ते मला ओळखता आलं नाही. मग त्याने विचारलं, "सिस्टर, तुम्ही रोज बघता. शेवटच्या दिवशी चेहरा कसा होतो?"

नातेवाईकांना जे सांगते तेच मी त्याला सांगितलं. सगळे स्नायू सैल पडतात. गेलेली बाजू आणि राहिलेली बाजू सारखी होते. सगळ्यांचेच चेहरे सारखे दिसतात.

त्याने दगड थांबवला आणि मान हलवली.

"दादाचा नसेल तसा दिसला," तो म्हणाला. मग आईचे साचे उजेडात धरून बघितले आणि गुरुवारी या म्हणाला.